ट्विटर निवडायचा तर त्याला खंजिरी वाजवायला लावा

दुकानाच्या भिंतीवर स्पीकरचा बोर्ड असतो. एक बटण दाबलं की एक जोडी वाजते, दुसरं दाबलं की दुसरी. जी जोडी जास्त झगमगीत वाजते ती गिऱ्हाईक घेऊन जातं. ही झगमग ट्विटरची, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, असते. बोर्डावर अर्धा मिनिट ती गोड वाटते. तीच जोडी गाडीत बसवून आर्वीहून नागपूरला निघालं की कोंढाळीपर्यंत कान टोचायला लागतात. मग माणूस ट्रेबल पार खाली ओढतो, म्हणजे ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तेच बंद करून ठेवतो.

माझं आर्वीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि संध्याकाळी मी गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतो. दोन कंपोनंट सेटमधला चांगला कोणता, असं कुणी विचारलं की मी ब्रँड सांगत नाही, तुलना कशी करायची ते सांगतो. दोन्ही सेट सारख्याच मोठ्या आवाजावर, आपल्याच गाडीत, आपल्या कानाला पाठ असलेल्या वाद्यावर ऐकायचे. या तीनपैकी एकही गोष्ट सुटली तर तुलना झाली असं मी मानत नाही.

त्याआधी कंपोनंट हवेत का, हे ठरवून घ्या. कोॲक्सियल स्पीकरमध्ये ट्विटर वूफरच्या, म्हणजे जाड सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, मध्यावरच बसवलेला असतो. कंपोनंटमध्ये वूफर वेगळा, ट्विटर वेगळा आणि दोघांना आपापले सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर वेगळा. फायदा मुख्यतः जागेचा आहे. दारातल्या स्पीकरचं तोंड आपल्या पोटरीकडे असतं. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, सुराच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, तो सीटला वळसा घालून सगळीकडे पोचतो. १०,००० हर्ट्झच्या सुराची लांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. तो सरळ रेषेत जातो आणि पोटरीला, सीटच्या कापडाला लागून तिथंच विरतो. ट्विटर वर, कानाच्या जवळपास आणला की हा सूर वाचतो.

पण गाडी जर वावरातच फिरत असेल, काचा खाली, जुनं डिझेल इंजिन, पांदण रस्त्यावर खडखडाट, तर मी कंपोनंट सुचवत नाही. तिथं बारीक सूर ऐकूच येत नाहीत. बरे कोॲक्सियल घ्या आणि उरलेले पैसे दार बंदिस्त करण्यात घाला.

डब्यावरचे आकडे

"भाऊ, डब्यावर तीनशे वॅट लिहून हाये, मंग माह्या गाडीत काऊन दबून वाजते?" हा प्रश्न दर हंगामात, कापसाचे पैसे हातात आले की, कुणी ना कुणी विचारतंच.

तीनशे हा आकडा क्षणभर सहन होणाऱ्या ताकदीचा असतो. स्पीकर किती वाजेल याच्याशी त्याचा संबंध नाही. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत किती वॅट झेलेल ते. आणि तुमच्या स्टिरिओवर "५० वॅट गुणिले ४" लिहिलं असलं तरी तो १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते) स्पीकरला सतत १५ ते २२ वॅटच देऊ शकतो. गाडीच्या व्होल्टेजमधून साधारण तेवढंच निघतं, बहुतेक कंपन्यांचं असंच आहे. ॲम्प्लिफायर घेणार असाल तर सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) असं लिहिलेला आकडा खरा धरा. त्या मानकात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि आवाजात जास्तीत जास्त १ टक्का विकृती एवढ्या अटीवर मोजमाप होतं.

म्हणून कंपनीच्या स्टिरिओवरच वाजवायचं असेल तर वॅट बाजूला ठेवा आणि सेन्सिटिव्हिटी वाचा. ठरावीक ताकद दिली की एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल वाजतो, ते तिथं लिहिलेलं असतं. ८८ डेसिबलच्या स्पीकरला १६ वॅट दिल्यावर जेवढा आवाज निघतो, तेवढाच ९१ डेसिबलच्या स्पीकरमधून ८ वॅटमध्ये निघतो. तीन डेसिबल जास्त म्हणजे निम्मे वॅट पुरतात. वीस वॅटच्या स्टिरिओला हा फरक फार मोठा आहे.

इथं एक फसगत आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय दोन डब्यांची तुलना करू नका. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. घरातल्या ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅटच. पण गाडीच्या ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले की २ वॅट जातात आणि आकडा आपोआप तीनने फुगतो. तेव्हा एका डब्यावर "९१ डेसिबल, २.८३ व्होल्ट" आणि दुसऱ्यावर "९० डेसिबल, १ वॅट" असेल, दोन्ही ४ ओहमचे, तर पहिला वॅटच्या मापाने ८८ चा आहे. जास्त वाजणारा दुसरा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण असतं.

ओहमही बघा. जेबीएल आणि इन्फिनिटीच्या काही मालिका ३ ओहमच्या आहेत, बाजारात २ ओहमचेही मिळतात. ओहम कमी तर करंट जास्त ओढला जातो, म्हणून त्याच स्टिरिओवर आवाज थोडा वाढतो. पण स्टिरिओच्या पुस्तिकेत किमान ४ ओहम लिहिलं असेल तर २ ओहमचा स्पीकर लावून चिप तापवू नका. हातात मल्टिमीटर असेल तर खात्री करून घ्या: ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो. ट्विटरच्या तारेत कपॅसिटर (खालचे सूर अडवणारा छोटा भाग) असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही. ट्विटर जळालेला नाही, कपॅसिटरच्या पलीकडे टोक लावून मोजा.

"४५ ते २२,००० हर्ट्झ" वगैरे जे छापलेलं असतं ते वाचून सोडून द्या. किती डेसिबलच्या चढउतारात हे मोजलं ते सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो, आणि वयाबरोबर ही वरची हद्द खाली येत जाते.

राहिली दारातल्या जागेची खोली. काच पूर्ण खाली करा, दाराचा पॅड काढा आणि पत्र्यापासून काचेपर्यंत पट्टीने मोजा. स्पीकरची खोली डब्यावर मिलिमीटरमध्ये असते. कमी पडली तर खाली रिंग देऊन स्पीकर बाहेर आणता येतो, पण मग पुढची जाळी स्पीकरच्या कोनाला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, घासत नाही ना, तेही बघावं लागतं.

ट्विटरचा घुमट

ट्विटरचा घुमट, म्हणजे त्याचा हलणारा फुगीर पडदा, कापडाचा असावा की धातूचा यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. थोडक्यात माझं म्हणणं असं. रेशमी कापडाचा घुमट मऊ वाजतो, आवाज वाढवला तरी टोचत नाही. ॲल्युमिनियमचा आणि टायटॅनियमचा घुमट बारीक तपशील स्वच्छ काढतो, पण गाडीत काचा चारी बाजूंनी असल्यामुळे तो तपशील काचेवर आपटून परत येतो आणि कडक होतो. स्वस्त सेटमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे घुमट येतात. ते मोठे वाजतात, म्हणून बोर्डावर तेच जिंकतात. धातूचा चांगला बनवलेला ट्विटर रेशमाच्या स्वस्त ट्विटरपेक्षा गोड वाजू शकतो, हे खरं. तरीही फारसं ऐकायला न मिळता निवड करायची वेळ आली, तर आपल्या लांबच्या रस्त्यांसाठी मी रेशमाकडे झुकतो.

आकारही बघा. २५ मिलिमीटरचा घुमट सहसा खालच्या सुरांपर्यंत उतरतो, १३-१४ मिलिमीटरचा लवकर हात टेकतो. माहितीपत्रकात ट्विटरची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, म्हणजे घुमट ज्या सुरावर आपोआप थरथरतो ती, दिलेली असेल तर क्रॉसओव्हर किमान तिच्या दुपटीवर तोडणारा असायला हवा. १,५०० हर्ट्झ असेल तर ३,००० च्या वर. जवळ असेल तर आवाज वाढवला की घुमट थरथरून ओरडतो.

आता आपल्याकडच्या उन्हाबद्दल, कारण डब्यावर त्याचा विचार केलेला नसतो. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत साठच्या पुढे जाणं नेहमीचं, आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून तापतो. बहुतेक छोट्या ट्विटरमध्ये नियोडिमियमचं चुंबक असतं आणि त्याच्या साध्या प्रकाराची मर्यादा सुमारे ८० अंशांची आहे; त्यापुढे चुंबकाची ताकद कायमची कमी होऊ लागते. काही ट्विटरमध्ये घुमट हलवणारी तारेची कॉइल थंड ठेवायला फेरोफ्लुइड नावाचं तेलकट द्रव्य भरलेलं असतं, तेही वर्षानुवर्षांच्या उष्णतेने घट्ट होतं. डॅशबोर्डच्या मधोमध, काचेखाली चिकटवलेला ट्विटर म्हणून मला पटत नाही. डबल टेप तर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

दुसरा शत्रू कापसाची पिंज. वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर नुसती गाडी उभी केली तरी आत पांढरी कूस उडते. रेशमी घुमटावर चिकट लेप असतो, त्यावर ती बसते. ट्विटरची जाळी बारीक विणीची आहे का, हे हात लावून बघा. बसलेली कूस बोटाने पुसायची नाही. मऊ ब्रशने, अगदी हलक्या हाताने काढायची. कापडाचा घुमट दबला तर कधी कधी वर येतो, ॲल्युमिनियमचा दबला की तो मोडल्याची रेघ तशीच राहते.

क्रॉसओव्हर उघडून बघा

माझ्या मते दोन सेटमधला खरा फरक इथं असतो, आणि गिऱ्हाईक नेमकं हेच बघत नाही.

भजनात मुख्य गायक ओळ सोडतो आणि टाळकरी ती त्याच सुरात उचलतात. ओळ मध्ये तुटली किंवा दोघांनी एकदम ओढली तर बेसूर होतं. वूफर आणि ट्विटर यांचंही तसंच आहे. साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरचा वूफर अडीच हजार हर्ट्झच्या वर आपला आवाज समोरच्या बाजूलाच फेकायला लागतो. दारात तो पायाकडे बघतोय, म्हणजे त्याच्या पुढचे सूर कानापर्यंत येणारच नाहीत. ते अडीच ते साडेतीन हजारांच्या दरम्यान ट्विटरने उचलले पाहिजेत. त्यासाठी ट्विटर सशक्त लागतो आणि क्रॉसओव्हर नीट लागतो.

स्वस्त सेटमध्ये क्रॉसओव्हरचा डबाच नसतो, ट्विटरच्या तारेत एक कपॅसिटर ओवलेला असतो. त्यावरचा आकडा वाचा. ४ ओहमच्या ट्विटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ४,००० हर्ट्झच्या खालचे सूर तोडतो, ४.७ चा साडेआठ हजारांच्या, ३.३ चा बारा हजारांच्या. म्हणजे ३.३ चा कपॅसिटर दिसला तर समजा, हा ट्विटर फक्त वरची चमक टाकायला ठेवलाय. गाण्यातल्या शब्दांना धार देणारे ३,००० ते ६,००० हर्ट्झचे सूर दारात पायापाशीच राहणार. शिवाय एकट्या कपॅसिटरची उतरण सौम्य असते, दर सप्तकाला ६ डेसिबल. खालचे सूर पुरते अडत नाहीत आणि ते ट्विटरच्या जिवावर येतात.

बऱ्या सेटचा डबा उघडला तर ट्विटरच्या बाजूला कपॅसिटरसोबत तांब्याच्या तारेची कॉइल दिसेल, म्हणजे उतरण १२ डेसिबलची. वूफरच्या बाजूलाही कॉइल असावी. नसेल तर वूफर मोकाट सोडलाय, त्याचे वरचे सूर ट्विटरच्या सुरात मिसळून गढूळ होणार. ट्विटरला वाचवणारा छोटा बल्ब किंवा करंट वाढला की तोडणारा तुकडाही काही डब्यांत असतो. आणि ट्विटरचा आवाज कमीजास्त करायची सोय असेल, ०, उणे ३ अशी जागा बदलणारी पिन असेल, तर मी त्या सेटला दोन गुण जास्त देतो. सगळ्या गाड्यांत काचेचा उतार सारखा नसतो, ट्विटरची जागाही सारखी नसते, म्हणून ही पिन फार उपयोगी पडते.

ट्विटरवर "१०० वॅट" लिहिलेलं असेल तर ते क्रॉसओव्हरसकट धरलेलं आहे. ट्विटरच्या आतली कॉइल एवढीशी असते, क्रॉसओव्हरशिवाय नुसती जोडली तर थोड्याच वॅटमध्ये जळते. स्टिरिओ शेवटपर्यंत पिळला आणि आवाज फाटायला लागला की ट्विटरवर नेहमीपेक्षा जास्त ताकद जाते. लग्नाच्या वरातीत ट्विटर जळतात ते असे.

ऐकायची रीत

खंजिरी आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) तिच्या ठेक्यावर विदर्भातली गावंच्या गावं जागी केली, आणि त्यांचा आश्रम असलेल्या गुरुकुंज मोझरीच्या वाटेवर गावोगावी आजही भजन मंडळ सापडतं. ट्विटर तपासायला हिच्याइतकं चांगलं वाद्य मला दुसरं माहीत नाही. कारण तिच्या एका थापेत दोन आवाज एकाच क्षणी निघतात: कातड्याचा ठोका आणि झांजांचा झंकार. ठोका वूफरकडे जातो, झंकार ट्विटरकडे. सेट जुळलेला असेल तर एक माणूस एक खंजिरी वाजवतोय असं ऐकू येतं. नसेल तर ठोका गुडघ्यापाशी आणि झंकार काचेवर, जणू दोघं जण दोन ठिकाणी बसलेत.

झंकार विरताना ऐका. चांगल्या ट्विटरमध्ये झांजांच्या जोड्या वेगवेगळ्या किणकिणतात आणि हळूहळू शांत होतात. वाईटात सगळ्यांचा मिळून एक "छस्स" होतो आणि कापल्यासारखा संपतो.

जमलं तर असं करा. मंडळातल्या कुणाला तरी मागच्या सीटवर बसवून खरी खंजिरी वाजवायला लावा, मोबाइलवर चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग करा, आणि लगेच तेच गाडीत वाजवा. खऱ्या वाद्याचा आवाज कानात ताजा असतो, त्यामुळे कुठला सेट त्याच्या जवळ जातो हे कुणालाही कळतं. आमच्याकडे एक काकाजी आले होते, संत्र्याची बाग असलेले, त्यांना हर्ट्झ की डेसिबल काही ठाऊक नव्हतं. दोन्ही सेट ऐकून म्हणाले, "ह्यातली खंजिरी पितळाची हाये, अन् त्यातली पत्र्याची." इतका नेमका निकाल मला मीटरवर देता आला नसता.

गाणी पेनड्राइव्हवरून वाजवा, ब्लूटूथवरून नको; आणि मोबाइलवर चार ठिकाणी फिरून आलेली भजनं तुलनेसाठी बिलकूल नको. त्यांतले वरचे सूर आधीच कापलेले असतात, चांगला-वाईट ट्विटर तिथं सारखाच वाजतो. खंजिरीनंतर एकट्या माणसाचा आवाज ऐका, कीर्तन चालेल. "स", "श", "छ" ही अक्षरं प्रत्येक वेळी सुरीसारखी पुढे येत असतील तर तो ट्विटर तुम्हाला लांबच्या प्रवासात छळणार. मग पेटी. पेटीच्या आवाजातले वरचे सूर वूफर-ट्विटरच्या सीमेवरून वर-खाली जात राहतात. एखाद्या पट्टीवर आवाज अचानक दबला किंवा उसळला तर तिथं दोघांचं जुळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही सेट सारख्याच मोठ्या आवाजावर ऐकायचे. जो सेट एक डेसिबल मोठा वाजतो तो कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. बोर्डावरचा सगळा खेळ यावर चालतो. मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप टाका, पिंक नॉइजची (सगळे सूर एकत्र असलेल्या सळसळत्या आवाजाची) फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मोबाइल हेडरेस्टपाशी एकाच जागी धरा, पहिला सेट वाजवून आकडा बघा, दुसरा लावल्यावर आवाज कमी-जास्त करून तोच आकडा आणा. मोबाइलचा आकडा खरा नसला तरी चालतो, कारण आपल्याला फक्त दोन वेळा सारखा हवा आहे. एवढं केल्यावर बोर्डावर हरलेला सेट गाडीत जिंकताना मी पुष्कळदा पाहिलंय.

एक सेट काढून दुसरा बसवण्यात अर्धा-पाऊण तास जातो, तोवर पहिल्याचा आवाज कान विसरतो. म्हणून मी डाव्या दारात एक आणि उजव्या दारात दुसरा सेट लावतो, ट्विटर सेलोटेपने तात्पुरते. मग गिऱ्हाइकाला दोन्ही सीटच्या मधोमध डोकं आणून बसवतो, मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, रेकॉर्डिंग लावतो आणि बॅलन्सचं बटण डावीकडे-उजवीकडे करतो. फरक एका क्षणात कळतो. नंतर दोन्ही सेटची दारं बदलून पुन्हा एकदा, म्हणजे जागेचा गुण सेटच्या खात्यात पडत नाही. या कामाची मजुरी द्यावी लागली तर द्या. चार-पाच हजारांच्या सेटवर ती वसूल होते. बास, ट्रेबल, लाउडनेस हे सगळं तुलनेच्या वेळी शून्यावर.

शेवटच्या फेरीत काचा वर करून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर न्या. आमच्याकडचे लोक तळेगावपर्यंत जाऊन येतात. टायरचा आणि इंजिनचा आवाज खालचे सूर खातो, त्यामुळे उभ्या गाडीत समतोल वाटलेला सेट चालत्या गाडीत बारीक होतो. उभ्या गाडीत किंचित भरदार वाटणारा सेट रस्त्यावर बरोबर बसतो.

ट्विटर कुठं, तारा कशा

तीन जागा असतात: आरशामागचा तिकोणी भाग, काचेच्या बाजूचा खांब आणि डॅशबोर्डची कड. मला तिकोणी भाग आवडतो. तिथून वूफर सर्वांत जवळ पडतो, ऊन थेट लागत नाही आणि समोरच्या काचेवर आवाज आपटत नाही. खांबावर ट्विटर कानाच्या उंचीला येतो, आवाज छान समोर उभा राहतो. पण खांबावर एअरबॅग किंवा एसआरएस असं कोरलेलं असेल तर तिथं ड्रिल लावायचं नाही, ट्विटर चिकटवायचाही नाही. पडदा एअरबॅग उघडते तेव्हा खांबावरची वस्तू गोळीसारखी सुटते. कुठलाही फिटर "काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नका.

चालकाकडचा ट्विटर कानाच्या फार जवळ असतो, म्हणून तो थेट चालकाकडे वळवू नका. दोन्ही ट्विटरची तोंडं गाडीच्या मध्याकडे, आतल्या आरशाच्या दिशेने ठेवून सुरुवात करा आणि मग थोडं थोडं फिरवत ऐका. भोक पाडण्याआधी हे सगळं सेलोटेपवर.

अधिक-उणे तपासल्याशिवाय निकाल देऊ नका. एका बाजूची तार उलटी झाली तर बास गायब होतो आणि माणूस सेटला नावं ठेवतो. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या तारांना क्षणभर टेकवा: सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला असेल तर कोन बाहेर येतो. ट्विटरला मात्र सेल लावायचा नाही. त्याची परीक्षा कानाने: मोनो आवाज मधोमध, डॅशबोर्डच्या वर एका जागी ऐकू यायला हवा. पसरट, पोकळ वाटला तर एका ट्विटरच्या तारा उलटून बघा. काही क्रॉसओव्हरमध्ये ट्विटर मुद्दामच उलटा जोडायचा असतो, पुस्तिकेत तसं दाखवलेलं असतं.

क्रॉसओव्हरचा डबा दाराच्या तळाशी टाकू नका, पावसाळ्यात काचेवरून उतरलेलं पाणी तिथंच जातं. डॅशबोर्डखाली, पायापाशीच्या पॅडमागे जागा असते. कंपनीची वायर कापायची नाही, तिला तशीच जोडायचा कपलर मिळतो.

दार बंदिस्त केल्याशिवाय कुठलाही वूफर आपलं खरं रूप दाखवत नाही. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. कोन पुढे ढकलतो ती हवा त्या भोकांतून मागच्या हवेला मिळते आणि बास तिथंच मरतो. ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीटने भोकं झाका, बाहेरच्या पत्र्यालाही दोन-तीन पट्ट्या मारा, पण तळाची पाणी जायची छिद्रं मोकळी ठेवा. स्पीकरखालची रिंग एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, असेल तर दोन पावसाळ्यांत फुगते. प्लॅस्टिकची घ्या, नाहीतर एमडीएफला सगळ्या कडांनी रंग द्या. आपल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक, ती कोनामागच्या फटींतून कॉइलपर्यंत पोचते. दाराच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फिटर फाडून फेकतात, तो परत लावून घ्या.

पैशांचं गणित माझं असं असतं: सेटला जेवढे घालणार त्याचा निदान चौथा हिस्सा दाराच्या शीटला, रिंगला आणि तांब्याच्या वायरला ठेवायचा. सेट एक पायरी खालचा आला तरी चालेल. ॲम्प्लिफायर पुढच्या वर्षी घ्यायचा विचार असेल तर आज ९० च्या आसपास सेन्सिटिव्हिटीचा, ६०-७० वॅट आरएमएस झेलणारा सेट घेऊन ठेवा, तो स्टिरिओवरही वाजेल आणि नंतर ॲम्प्लिफायरवरही.

निवड झाली की ट्विटरची पिन उणे ३ वर ठेवून आठ-दहा दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, भोकं अजून पाडू नका. मग पिन शून्यावर करून त्याच रस्त्याने जा. खंजिरी उणे ३ वर पुरेशी किणकिणत असेल तर तिथंच राहू द्या आणि ट्विटर कायमचे बसवा. कंपनीचे जुने स्पीकर आणि कपलर कागदात गुंडाळून जपून ठेवा. गाडी विकताना ते परत बसवता येतात आणि हा सेट पुढच्या गाडीत नेता येतो.